पहिल्या कम्युनियनला एकच पंगत हवी

ईस्टर उलटला की वसईत पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे कॅथॉलिक मुलांनी ख्रिस्ताचे शरीर मानलेली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचे, दिवस येतात. तिसरी-चौथीतली मुले वर्षभर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलेली असतात. पहिले पापनिवेदन झालेले असते. कोणत्या तळहातावर कोणता तळहात ठेवायचा, पुढे कसे यायचे, आमेन किती स्पष्ट म्हणायचे, याची तालीम सिस्टरांनी पुन्हा पुन्हा करून घेतलेली असते. काही धर्मग्रामांनी (एका चर्चला जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समूहांनी) सर्व मुलांसाठी सारखाच साधा पांढरा पोशाख ठरवून दिला आहे, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. वेदीसमोर उभ्या असलेल्या रांगेकडे पाहून कोणाच्या बापाची बागायत आहे, कोणाचा बाप रिक्षा चालवतो आणि कोणाची आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते, हे त्या घटकेला सांगता येत नाही. फादर म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर." मूल म्हणते, "आमेन." प्रत्येकाच्या तळहातावर तेवढीच भाकर पडते.

संध्याकाळ झाली की तीच मुले वेगवेगळी ओळखू येऊ लागतात. एकाची पार्टी हॉलमध्ये असते. फुलांनी सजवलेले स्टेज, मुलाच्या फोटोचा उंच बॅनर, डीजे, दोन-तीन मजल्यांचा केक, बुफेपुढे लागलेली पाहुण्यांची रांग. दुसऱ्याची पार्टी इमारतीच्या गच्चीवर, मोजक्या नातेवाइकांत. तिसऱ्याचे आईबाप कर्ज काढून हॉल घेतात, कारण वर्गातल्या बाकीच्यांचे हॉलमध्ये होणार असते आणि आपले लेकरू मागे पडू नये असे त्यांना वाटते. आणि एखाद्या भाड्याच्या खोलीत त्या संध्याकाळी काहीच नसते. आईने काहीतरी गोड केलेले असते आणि पांढरा पोशाख घडी करून ठेवलेला असतो. पुढच्या आठवड्यात मुले भेटतात तेव्हा एकमेकांना प्रवचनाबद्दल विचारत नाहीत. तुझा केक केवढा होता, हे विचारतात.

माझे म्हणणे सरळ आहे. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी घरोघरी होणाऱ्या या वेगळ्या पार्ट्या आपण सर्वांनी मिळून बंद कराव्यात. त्याऐवजी धर्मग्रामाने त्या दिवशी एकच जेवण घालावे. सर्व मुले, त्यांचे आईबाप, आजीआजोबा, धर्ममाता, धर्मपिता, सगळे एका पंगतीला. खर्च वाचवा, साधेपणाने राहा, हा उपदेश मला करायचा नाही. तो चांगला असला तरी इथे दुय्यम आहे. सकाळी चर्चमध्ये आपण जे केले ते संध्याकाळी हॉलमध्ये मोडतो, आणि आठ-नऊ वर्षांचे मूल त्या दोन्हींतून शिकत असते, ही माझी खरी तक्रार आहे.

हा प्रश्न नवा नाही. मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची आमची उपासना, तिच्याइतकाच तो जुना आहे. प्रभू येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचा आपल्याकडे असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तांत शुभवर्तमानांतला, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार ग्रंथांतला, नाही. तो आरंभीच्या काळातला प्रेषित संत पौल याच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. फादर प्रत्येक मिस्साला वेदीवर जे शब्द उच्चारतात, ते इथे पहिल्यांदा कागदावर उतरलेले सापडतात. आता पौलाला ते लिहावे का लागले ते पाहा. करिंथ शहरातले श्रद्धावंत कोणाच्या तरी मोठ्या घरी जमत आणि भोजनातच प्रभूच्या भाकरीची आठवण करत. सुखवस्तू लोक लवकर येऊन आपले जेवण जेवायला बसत. ज्यांच्याजवळ आणायला काही नसे ते तसेच बसून राहत. एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, असे पौल लिहितो, आणि रागाने विचारतो: खायला-प्यायला तुम्हांला घरे नाहीत काय? की देवाच्या मंडळीला तुच्छ मानून, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता? तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजनच नव्हे, इतके कठोर वाक्य तो त्यांना ऐकवतो. आणि लगेच पुढे येते: प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली.

म्हणजे मिस्साचे हे पवित्र शब्द आपल्याला पहिल्यांदा मिळाले ते जेवणातल्या विषमतेवरून झालेल्या खडसावणीच्या मध्यभागी. माझ्यासाठी हा फार मोठा पुरावा आहे. ख्रिस्तशरीराचा अर्थ एका बाजूला आणि पंगतीत कोण उपाशी राहिले हा सामाजिक प्रश्न दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी पौलाने केलेली नाही. शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे तो पुढे म्हणतो. ते शरीर म्हणजे भाकरीतला ख्रिस्त, हे खरेच. पण आधीच्याच अध्यायात त्याने लिहून ठेवले आहे की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ जण एक शरीर आहोत. एक शरीर ओळखायचे आणि दुसरे ओळखायचे नाही, याला तो वाव ठेवत नाही.

यावर एक चांगला आक्षेप येऊ शकतो आणि तो पौलाच्याच पत्रातून येतो. कोणाला भूक लागली तर त्याने घरी खावे, असेही त्याने त्याच अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे. मग मिस्सा चर्चमध्ये आणि जेवण ज्याचे त्याच्या घरी, यात चुकले कुठे? पुढे इतिहास तसाच घडलाही. भोजन आणि विधी वेगळे झाले. पण वेगळे होताना काय टिकले तेही पाहावे. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने रोमन सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडली, तीत रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात. प्रमुख उपदेश करतो, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, सगळ्यांना वाटला जातो, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो नेऊन पोचवतात. आजच्या मिस्साचा सांगाडा त्यात जसाच्या तसा दिसतो. आणि त्याच वर्णनात लगेच पुढे आहे की ज्यांची ऐपत आहे ते आपापल्या इच्छेने देतात. जमलेले प्रमुखाकडे ठेवले जाते आणि त्यातून तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावाहून आलेले, अशा गरजवंतांची काळजी घेतो. भोजन गेले, तरी भुकेल्याची जबाबदारी उपासनेच्या आतच राहिली. आपण आज कलेक्शनच्या पेटीत जी नोट टाकतो ती याच व्यवस्थेची खूण आहे. पौलाने घरी खा म्हटले ते गरिबाला लाजवणे थांबावे म्हणून. आपण घरी, आणि हॉलवर, खाऊन नेमके तेच लाजवणे परत आणले आहे.

दुसरा आक्षेप अधिक भाविक लोकांकडून येतो आणि त्याचा मला आदर आहे. ते म्हणतात, मिस्साला समाजकार्याचे रूप देऊ नका. वेदीवर साक्षात ख्रिस्त येतो, त्याची आराधना करायला मुलांना शिकवा, बाकीचे आपोआप होईल. भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो ही माझीही श्रद्धा आहे आणि ती मी एक कणही कमी करून मांडणार नाही. उलट त्या श्रद्धेमुळेच हा प्रश्न टोकदार होतो. तिथे नुसते प्रतीक असते तर संध्याकाळच्या पार्टीशी त्याचा संबंध लावण्याची गरजच पडली नसती. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या लोकांना संत जॉन ख्रिसोस्तम हेच सांगत होते: ख्रिस्ताच्या शरीराचा मान राखायचा आहे ना, मग इथे मंदिरात त्याला रेशमी वस्त्रांनी सजवून बाहेर थंडीत उघडा पडलेला तोच ख्रिस्त दुर्लक्षू नका, हे माझे शरीर आहे असे जो म्हणाला, त्यानेच मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले नाही असेही म्हटले आहे. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात, १३९७ व्या परिच्छेदात, हा संस्कार आपल्याला गरिबांशी बांधून घेतो असे स्पष्ट लिहिले आहे. आराधना आणि पंगत यांत निवड करायला कोणी सांगितलेलेच नाही.

मुलांना इतक्या लहान वयात ख्रिस्तशरीर मिळते, त्यामागेही एक निर्णय आहे आणि तो या वादात महत्त्वाचा आहे. १९१० पूर्वी बहुतेक ठिकाणी मुलांना दहा-बारा, कुठे कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवत असत. धर्मशास्त्र नीट कळले पाहिजे, पुरती तयारी झाली पाहिजे, असा आग्रह होता. पोप दहावे पायस यांनी ऑगस्ट १९१० मध्ये आदेश काढून तो आग्रह मोडला. साधारण सातव्या वर्षी समज येते, आणि नेहमीच्या भाकरीपेक्षा ही भाकर वेगळी आहे एवढे मुलाला आपल्या वयाप्रमाणे कळले की पुरे, असे त्यांनी ठरवले. दार मुद्दाम ठेंगणे केले गेले, कोणतेही मूल आत येऊ शकेल इतके. त्या दारात आता आपण हॉलचे भाडे, फोटोग्राफर आणि केटरिंगचे दर उभे केले आहेत. मुलाच्या कम्युनियनचा खर्च झेपत नाही म्हणून पालकांना घोर लागावा, हे ज्या निर्णयाने आपल्याला हा दिवस दिला त्याच्या अगदी उलट आहे.

मुंबईतल्या जुन्या लोकांना १९६४ आठवत असेल. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या संस्काराची जागतिक परिषद, मुंबईत झाली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर ख्रिस्तशरीराच्या सन्मानार्थ अफाट समुदाय जमला होता. त्याच दौऱ्यात त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग काढून भुकेल्यांसाठी एक जागतिक निधी उभारा. त्यांच्या वापरासाठी दिलेली मोटारगाडी जाताना त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरुग्णांसाठीच्या कामाला लावला. युकॅरिस्टची परिषद आणि भुकेल्यांचा निधी यांचा संबंध काय, हे पोपना समजावून सांगावे लागले नाही. तो संबंध त्यांना दिसत होता आणि आमच्याच शहरात त्यांनी तो बोलून दाखवला.

वसईलाही हे कधी परके नव्हते. १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने पापडीला एक सहकारी पतसंस्था उभी राहिली, शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. एका धर्मगुरूने पतसंस्था काढावी यात त्या वेळच्या लोकांना विसंगती वाटली नाही, कारण रविवारी एका वेदीपाशी येणाऱ्या माणसांपैकी एकाची जमीन व्याजात जाते आहे हे बाकीच्यांनी पाहत बसायचे नसते. आज त्याच वसईत मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी कर्ज काढणारे घर असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि आपली वसई आता त्या काळातली राहिलेली नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपांच्या अधिकारातला प्रदेश) झाला तेव्हाच बागायती मागे हटत होत्या, इमारती वाढत होत्या. आज एकाच धर्मग्रामात सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजांची घरे आहेत, मंगळूर, गोवा, केरळ, तमिळनाडूकडून आलेली कुटुंबे आहेत, आणि उत्तरेकडे डहाणू-तलासरीकडचे वारली श्रद्धावंत याच धर्मप्रांताचे आहेत. मिस्सा मराठीत, इंग्रजीत, कुठे कोकणीत, वेगवेगळ्या वेळी होतात. भाषेची सोय हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण त्यामुळे असे झाले आहे की एकाच चर्चची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना न ओळखता एकाच भाकरीत भाग घेत राहतात. स्थायिक कुटुंबाच्या पार्टीला सगळी आळी असते. भाड्याने राहणाऱ्याच्या मुलाला त्या आळीतले कोणी नावाने ओळखत नाही. लग्न जुळवताना कोण कुठल्या समाजाचा हे आपण अजूनही विचारतो, बाप्तिस्मा सगळ्यांचा एकाच पाण्याने झालेला असला तरी. मुलांचा वर्ग ही धर्मग्रामातली बहुधा एकमेव जागा आहे जिथे या सगळ्यांची लेकरे एका बाकावर बसतात. त्या वर्गाचा शेवट वेगवेगळ्या हॉलांत करणे म्हणजे हातात आलेली गोष्ट सोडून देणे आहे.

मराठी माणसाला पंगत म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. कोण कोणाच्या पंगतीला बसणार यावरून या मुलखात माणसाची किंमत ठरवली गेली, आणि जेव्हा जेव्हा कोणाला ती किंमत मोडायची होती तेव्हा त्याने पंगतीपासूनच सुरुवात केली. पंढरीच्या वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते, आणि वारकरी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. जेवण हे नुसते जेवण नसते हे इथल्या मातीला ठाऊक आहे. मग ज्यांच्या उपासनेचा गाभाच एक भोजन आहे त्या आम्ही कॅथॉलिकांनी याबाबतीत मागे का असावे?

हौसेचा प्रश्न राहतो. आमचा पैसा, आमचे मूल, आमची हौस, फादरांनी त्यात का पडावे? हौसेला माझी ना नाही. येशू स्वतः जेवणावळींना जात होता, इतका की खादाड म्हणून त्याची निंदा झाली, आणि काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्यावर त्याने तो मुबलक दिला. मला ही मेजवानी लहान व्हायला नको आहे, मोठी व्हायला हवी आहे. ज्या घराला आपल्या लेकराच्या आनंदात दोनशे माणसे जेवू घालायची आहेत त्याने ती जरूर घालावीत, फक्त ती माणसे आपल्या नात्यागोत्यापुरती नसावीत. केटरर, मांडववाले, बँडवाले यांचे काम बुडण्याचेही कारण नाही. धर्मग्रामाच्या जेवणालाही मांडव लागतो आणि वाजंत्री तर हवीच.

खरी अडचण हौसेची नाहीच, लोक काय म्हणतील याची आहे. एखाद्या आईबापाने एकट्याने ठरवले की आम्ही पार्टी करणार नाही, तर नातेवाईक त्यांना कंजूष म्हणतील किंवा बिचारे म्हणतील, आणि मूल वर्गात वेगळे पडेल. ज्याची ऐपत आहे त्यालाही मागे हटता येत नाही, कारण मागच्या वर्षी भाचीच्या पार्टीला तो जेवून आलेला असतो, आहेर घेतलेला असतो, देणे फेडायचे असते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम करणारे जे लोक घरोघरी जाऊन शिधा पोचवतात, त्यांना विचारा. ज्या घराला ते मदत देतात तेही कम्युनियनच्या वेळी काहीतरी करून पार्टीचा घाट घालते. त्या घराला मूर्ख म्हणणे फार सोपे आहे. मी म्हणणार नाही. आपल्या मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून ते ओझे उचलतात, आणि ती मान खाली जाण्याची व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केलेली आहे. प्रवचनातून साधेपणाचे आवाहन करून ती बदलणार नाही, कारण आवाहन प्रत्येकाला एकट्याला सोडते. सगळ्यांनी एकदम थांबले तरच कोणाला कमीपणा येत नाही. म्हणून हा निर्णय पॅरिश कौन्सिलचा (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाचा) आणि पालकांचा एकत्र हवा, एकट्या धर्मगुरूंचा नको. फादर बदलून जातात; पालकांनी घेतलेला ठराव पुढच्या वर्षीच्या पालकांना सांगता येतो.

तो कसा असावा याबद्दल माझी काही मते आहेत. जेवण त्याच दिवशी, मिस्सानंतर लगेच, शाळेच्या मैदानावर किंवा धर्मग्रामाच्या हॉलमध्ये व्हावे. रात्रीवर ढकलले तर दुपारी पार्ट्या होतील. वर्गणी बंद पाकिटातून, नाव न लिहिता, ज्याला जेवढी जमेल तेवढी. कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लागू नये, प्रवचनातही येऊ नये. स्वयंपाक लघु ख्रिस्ती समूहांनी, म्हणजे धर्मग्रामातल्या शेजारपाजारच्या घरांच्या गटांनी, वाटून घ्यावा. कोळ्यांच्या घरचे कालवण, वाडवळांचा, सामवेद्यांचा, मंगळूरकरांचा, वारल्यांचा, ज्याचा त्याचा पदार्थ त्या पानावर यावा. बुफे नको, बसून वाढलेली पंगत हवी, आणि वाढायला मुलांचे आईबाप हवेत, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत होणारा पाय धुण्याचा विधी पाहणाऱ्यांना ते का हे कळेल. बसताना घरे एकत्र नकोत, मुले रांगेत ज्या क्रमाने उभी होती त्याच क्रमाने त्यांची घरे शेजारी शेजारी बसावीत. भेटवस्तू द्यायची तर धर्मग्रामाने सर्वांना एकच द्यावी.

यातले काही धर्मग्रामाधर्मग्रामांत बदलेल. छोट्या गावात जे सहज होईल ते नालासोपारा-विरारकडच्या मोठ्या धर्मग्रामात, जिथे मुलांच्या दोन-तीन तुकड्या असतात, अवघड जाईल. तिथे तुकडीगणिक पंगत करावी. पहिल्या वर्षी काही कुटुंबे तरीही हॉल घेतील. त्यांच्यावर टीका करू नये, त्यांना पंगतीला वाढायला बोलवावे.

वेळेचे एक सांगायला हवे. चांगले हॉल सहा-आठ महिने आधी बुक होतात आणि आगाऊ रक्कम भरली की माणूस मागे फिरत नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग शाळेबरोबर जूनमध्ये सुरू होतात. तेव्हा पालकांची पहिली सभा होईल त्याच सभेत हा विषय घ्यावा लागेल. नाताळनंतर मांडला तर त्या वर्षापुरता तो हुकलाच.